बेचाळीस युनिट

"इथे कोणी राहतं का हो?"

दार वाजवून असं कोणी विचारतं का? तिने दार उघडलं तेव्हा दहाही बोटांना खळ लागली होती आणि केसांत दोऱ्याचा तुकडा अडकला होता. ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधायचं तिचं काम, आणि सुट्टीच्या दिवशीही दोन-चार पुस्तकं घरी आणायची तिची खोड.

"मी राहते. दिसत नाही का?"

"दिसताय... आत्ता दिसताय," तो म्हणाला आणि उगाचच हातातल्या वहीत बघू लागला. "मीटरवर मात्र दिसत नाही."

तो मीटर रीडर होता. दर महिन्याला टॉर्च आणि लांबडी वही घेऊन या गल्लीतले सगळे जिने चढायचा. सगळे त्याला आकडेभाऊ म्हणत. हिचं मीटर दाराबाहेरच्या भिंतीवर होतं, त्यामुळे आजवर दोघांची गाठ पडली नव्हती.

"मागच्या महिन्यात एकशे तीस युनिट, या महिन्यात बेचाळीस," तो म्हणाला. "घर बंद असेल तर ठीक. पण माणूस राहतंय आणि वापर निम्म्याच्याही खाली, तर मला 'संशय' असा शेरा मारावा लागतो."

"संशय? कसला?"

"वीजचोरीचा. मग मीटर तपासायला नेतात. आठ-दहा दिवस लाइट बंद."

लाइटचं सोडा हो, मेणबत्तीवर काढले असते तिने दहा दिवस. पण आधीच्या भाडेकरूने तारेवर आकडा टाकून घरमालकीण काकूंच्या नाकी नऊ आणले होते. तेव्हापासून काकूंची एकच अट होती, विजेची भानगड झाली की त्याच दिवशी खोली रिकामी. आणि खोली गेली की बाडबिस्तरा उचलून पुन्हा दादाकडे. दादा काही वाईट नव्हता, पण ती कधी झोपणार, काय नेसणार, कोणाशी बोलणार, हे सगळं तोच ठरवायचा. "तीन महिन्यांत परत येशील," असं त्याने सांगून ठेवलं होतं. वहिनीने तर मायेपोटी तिची गादीसुद्धा गुंडाळली नव्हती. या मायेचीच तिला जास्त धास्ती होती.

"आत या," ती म्हणाली. "तुमचा संशय इथे ओट्यावर बसलाय."

ओट्यावर जुना मायक्रोवेव्ह होता. विजेच्या शेगडीने पगार खायला घेतला तेव्हा तिने शेगडी माळ्यावर टाकली आणि सगळा स्वयंपाक यात सुरू केला. पहिले दोन आठवडे अन्नाची दशा झाली, पण हटेल ती कसली!

"यात लोक कालचं गरम करतात," तो म्हणाला.

"मी आजचं शिजवते. शेगडी आधी स्वतः तापणार, मग भांडं, मग खोली, आणि उरलंसुरलं माझ्या भाताला. हा थेट अन्नालाच हात घालतो."

त्याला हसू आलं. त्याने ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"पटतंय मला. पण वहीत 'पटलं' असा रकाना नसतो. डोळ्यांनी पाहावं लागतं. वही सोमवारी जमा करायची आहे."

"मग उद्या दुपारी या. मी स्वयंपाक करते, तुम्ही मीटर बघा."

दुसऱ्या दिवशी तो आला. तिने पंखा, दिवा सगळं बंद केलं, म्हणजे मीटरची चकती फक्त मायक्रोवेव्हसाठी फिरणार. दार सताड उघडं ठेवलं. तो बाहेर मीटरसमोर उभा राहून चकतीच्या फेऱ्या मोजू लागला आणि आतून तिची बडबड सुरू झाली.

"बटाट्याला काट्याने टोचे मारायचे, नाहीतर फुटतो. पहिल्या दिवशी मी याच्या आतल्या छतावरून खरवडून काढला होता... ऐकताय ना?"

"एकोणचाळीस, चाळीस... ऐकतोय."

"भाजीत पाणी दोनच चमचे. आणि भात थोडा कच्चा असतानाच बंद करायचा. झाकून ठेवला की आतल्या वाफेवर शिजतो. तेवढी वीज वाचते."

"बासष्ट..."

"घाई करणाऱ्याचं हे काम नाही. तुम्हाला घाई असते का हो?"

बाहेरची मोजणी थांबली होती. तिने वळून पाहिलं. तो मीटरकडे बघतच नव्हता... तिच्याकडे बघत होता. तिने पटकन झाकण उचललं, वाफेचा चटका बसला आणि बोट तोंडात गेलं.

"किती झाल्या?" तिने विचारलं.

"चुकलो," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते. "सात वर्षांत पहिल्यांदा चुकलो."

"आता?"

"रात्रीच्या जेवणाचं करायचं असेलच ना? संध्याकाळी येतो. तेव्हा... तुमच्याकडे पाठ करून उभा राहीन."

भाजीचा वास जिन्यात पसरला होता. सकाळपासून तो चार इमारती चढून आलेला. "दोन घास खाऊन जा," ती म्हणाली. त्याने मान हलवली. ज्याचं मीटर वाचायचं त्याच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, असा नियम होता. जिना उतरताना मात्र त्याची पावलं फारच हळू पडत होती, हे तिने दाराआडून ऐकलं. ऐकायची काही गरज नव्हती, तरी ऐकलं.

संध्याकाळी तो खरंच पाठ करून उभा राहिला. ओठ घट्ट मिटून तीही गप्प राहिली आणि सगळा वेळ त्याच्या शर्टाची उसवलेली कॉलर बघत बसली. या गप्प बसण्याने तिची जास्तच पंचाईत झाली.

"दोनशे दहा," तो वळून म्हणाला. "या मीटरला सहाशे फेऱ्यांचं एक युनिट. म्हणजे एका जेवणाला युनिटचा तिसरा हिस्सा. दिवसाला दोन जेवणं, महिन्याचे झाले वीस-एकवीस. वर दिवा, पंखा, इस्त्री. तुमचे बेचाळीस बरोबर आहेत."

त्याने तिच्यासमोरच शेरा लिहिला. 'समक्ष पाहिले. वापर खरा.' काकू जिन्यातून डोकावत होत्याच. त्यांनाही त्याने वही दाखवली. काकू "बरं बाई," म्हणून खाली गेल्या, आणि तिला एकदम रडू फुटलं. चार महिने दादापुढे ताठ ठेवलेली मान एका अनोळखी माणसासमोर खाली गेली.

"खोली राहिली हो माझी," ती म्हणाली.

तो जवळ उभा राहिला, तेवढंच.

पुढच्या महिन्यात तिने घर लख्ख आवरून ठेवलं. दार वाजलं. बाहेर एक टक्कल पडलेले काका, हातात तीच लांबडी वही.

"आकडेभाऊ कुठे आहेत?"

"त्याने गल्ली बदलून मागितली. नदीपलीकडची. लांबची आहे, कोणी घेत नव्हतं."

तिचा चेहरा उतरला. म्हणजे आपणच मनाचे मांडे खात होतो! त्या दिवशी एका पुस्तकाची पानं तिने उलटीसुलटी शिवली आणि दोनदा उसवली. तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा ती स्वतःवरच चिडली. नदीपलीकडे तर नदीपलीकडे. उद्या जायचं आणि तोंडावर विचारायचं, असं म्हणत तिने पायांत चप्पल घालून पाहिलीसुद्धा.

संध्याकाळी दार वाजलं. तो होता. हातात वही नव्हती, टॉर्च नव्हती.

"न सांगता गेलात," ती म्हणाली.

"सांगायला आलो असतो तर गेलोच नसतो." त्याने रिकामे हात मागे घेतले. "माझ्या त्या शेऱ्यावर कोणी बोट ठेवायला नको होतं. म्हणून या महिन्याचं रीडिंग दुसऱ्याने घ्यावं म्हटलं. आणि... तुमचं मीटर माझ्याकडे असेपर्यंत मला इथे जेवता येत नव्हतं."

"जेवायला म्हणून नदीपलीकडे गेलात?"

"हो. रोज पुलावरून सायकल मारतोय. आज काकांनी रीडिंग दाखवलं. एकेचाळीस."

ती हसली, मग गंभीर झाली. आडपडदा ठेवणं तिला जमत नसे.

"हे बघा, मला तुम्ही आवडता. पण ही खोली माझी आहे. इथे काय करायचं ते मी ठरवणार. ही सोडायला मला सांगायचं नाही... कधीच नाही."

"मी जेवायला आलोय," तो म्हणाला. "खोली मागायला नाही. मलाही तुम्ही आवडता, पहिल्या दिवशी दार उघडलंत तेव्हापासून."

"मग बसा."

तिने तांदूळ धुतले, पाणी घातलं, भांडं आत ठेवलं आणि बटणापाशी तिचं बोट थांबलं. एका माणसाच्या भाताची मिनिटं तिला तोंडपाठ होती. दोघांच्या भाताला किती, हे तिला अजिबात माहीत नव्हतं.

"आकडा वाढेल हं तुमचा," तो मागून म्हणाला.

"वाढू दे," ती म्हणाली, आणि अंदाजानेच वेळ लावली.