विचारणारीचं नाव सांगायचं नाही

दिग्रसच्या स्टँडवर भैरवी बाकावर बसली होती आणि तिला न्यायला येणारा माणूस अजून आला नव्हता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण बसला होता. यवतमाळची बस कधीच रिकामी झाली होती, तरी तो तिच्या दाराकडेच बघत होता. त्याच्या केसांना, भुवयांना कापसाचे तंतू चिकटले होते… जणू थंडीनं त्याला एकट्यालाच गाठून म्हातारं केलं होतं.

"कोणाची वाट पाहून राहिल्या जी?" शेवटी त्यानंच विचारलं.

"मला घ्यायला कोणीतरी येणार होतं. आलं नाही."

"माहं उलटं हाये. मी न्यायले आलो, त बुढी उतरलीच नाई."

"कोण बुढी?"

"एक लेखिका हाये. वाचनालयात आज तिचा कार्यक्रम. अध्यक्षाले म्या सांगितलं होतं, एवढ्या वयाच्या बाईले बसनं बोलावू नका."

भैरवीनं पदर सावरला. "वय कशावरून कळलं?"

"चार पुस्तकं वाचली न तिची. चारही पुस्तकांत शेवटी ताटातूट. एवढा अनुभव जवान माणसाले कुठून येईन?"

भैरवी उठली, पिशवी खांद्याला लावली. "चला. ती बुढी मीच."

तो उठला, बसला आणि पुन्हा उठला. "मॅडम… मले वाटलं—"

"काय वाटलं ते कळलं," ती म्हणाली आणि हसू लपवायला कापसाच्या गाड्यांच्या रांगेकडे बघू लागली.

त्याचं नाव अवधूत. दिवसा तो कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये मशीन सांभाळायचा, संध्याकाळी वाचनालयात पुस्तकं द्यायचा. आणि पाहुणे आले की प्रश्नही तोच विचारायचा. त्याचं कारण वाटेत त्यानं सांगितलं. काही वर्षांपूर्वी सत्यशीला नावाच्या एका नव्या सुनेनं भर कार्यक्रमात उभं राहून प्रेमाबद्दल काहीतरी विचारलं होतं. बाजारानं वर्षभर तिला त्याच प्रश्नानं चिडवलं. तेव्हापासून बाया पुस्तक बदलायला आल्या की आपला प्रश्न हळूच अवधूतच्या कानात सांगत. कागदावर लिहायचा नाही, अक्षर ओळखू येतं. अवधूतनं तो आपला म्हणून विचारायचा आणि विचारणारीचं नाव कधीच सांगायचं नाही.

त्यामुळे कार्यक्रमात मोठी गंमत झाली. पुढे खुर्च्यांवर पुरुष, मागे सतरंजीवर बाया. माईकजवळ उभा राहून, मिशीसकट अत्यंत गंभीर चेहऱ्यानं अवधूत विचारू लागला.

"कथा तुमाले सुचतात कुठं?"

"प्रयोगशाळेत. मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. मुलं सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसली की मला बोलावं लागत नाही."

"तुमचे नायक खरे असतात का?"

"नाकं खरी असतात. बाकीचं मी जोडते."

"माह्या नवऱ्यानं आजवर मले एक फूल आणलं नाई. तुमच्या नायकाले हे शिकवते कोण?"

सभागृह खदखदलं. खुर्च्यांवरचे चार-दोन नवरे जमिनीकडे बघू लागले.

"मीच शिकवते," भैरवी म्हणाली. "नवऱ्यालाही शिकवता येतं. फूल कोणतं आवडतं ते त्याला एकदा सांगून तर बघा."

शेवटी त्यानं विचारलं, "चारही जोड्या काहून तोडल्या?"

"जुळलेली माणसं वाचक विसरतात. दुरावलेली लक्षात राहतात."

टाळ्या पडल्या. पण स्टँडवर सोडायला आलेला अवधूत मात्र म्हणाला, "ते शेवटचं उत्तर पाठ केलेलं होतं."

"कशावरून?"

"बाकीच्या प्रश्नांना तुम्ही आधी थांबल्या, मंग बोलल्या. त्याले थांबल्याच नाई."

भैरवी काही बोलायच्या आत बस आली. खिडकीतून तिनं पाहिलं, तर तो भुवईचा कापूस काढायचा प्रयत्न करत होता आणि नेमका दुसऱ्याच भुवईवर हात फिरवत होता.

पुढच्या रविवारी तिच्या घरचा फोन वाजला.

"मॅडम, एक प्रश्न राह्यला होता. तुमची नायिका नुसता चहाच पिते, जेवते कधी?"

मग दर रविवारी प्रश्न येऊ लागला. बायांचे प्रश्न संपतच नव्हते. की… भैरवीला अंदाज बांधायला आवडत नसे, तिला पुरावा लागे. पण रविवारी सकाळी ती फोनजवळची खुर्ची सोडत नव्हती, हा पुरावा तर तिच्याच घरात होता.

"तुमचा नायक एवढा गप्प कायले राह्यते?"

"बोलणारे नायक मला जमत नाहीत."

"एखादा पाहून लिहा न."

"कुठे मिळतात?"

"दिग्रसची बस रोज येते जी."

एकदा त्यानं विचारलं, "लेखिकाबाईले थंडीत खायले काय आवडते?"

"हा प्रश्न कोणाचा?"

"नाव सांगता येत नाई. नियम हाये."

"तुरीच्या शेंगा. मीठ घालून उकडलेल्या."

त्याच आठवड्यात दिग्रसच्या बसच्या कंडक्टरनं कॉलेजच्या गेटवर शेंगांची पिशवी ठेवली. भैरवीनं शिजवल्या आणि एकटीनं खाल्ल्या. आईनं मागितल्या तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं, की आपण वाटी पदराआड धरली आहे.

डिसेंबर सरता सरता एका रविवारी फोनवर प्रश्नच नव्हता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"जिनिंग बंद होते, मॅडम. कापसाले भाव नाई, गाड्या येत नाईत. मालकानं मशीन आदिलाबादच्या शेठले विकली. तो मलेबी बोलावून राह्यला."

"जाणार?"

"मशीनशिवाय मले दुसरं येते काय?" तो म्हणाला. तारेतून खरखर ऐकू येत होती. "संक्रांतीले बायांनी तुमाले बोलावलं हाये. त्याच्या दुसऱ्या दिवशी निघतो."

भैरवीनं फोन ठेवला. त्यानं आपल्याला विचारावं असं तिला वाटत होतं, आणि तो विचारणार नाही हेही दिसत होतं. नोकरी गेलेला माणूस प्राध्यापिकेला काय विचारणार? तो गप्पच निघून जाणार होता. तिच्या चारही नायकांसारखा.

संक्रांतीला सभागृह भरलं. तिळाचा वास, हळदीकुंकू, बायांच्या कुजबुजी. अवधूत माईकजवळ उभा राहिला. आज त्यानं केस धुतले होते, कापसाचा एकही तंतू नव्हता, आणि भैरवीला तो उगीचच परका वाटला. त्यानं बायांचे प्रश्न भराभर संपवले. मग घसा खाकरला.

"शेवटचा प्रश्न. एक माणूस परगावी चालला. एका बाईले सांगायचं होतं ते त्यानं सांगितलं नाई. आता सांगून जावं… का तसंच जावं?"

खुर्च्यांवरच्या माना मागे वळल्या. हा कोणाच्या घरचा प्रश्न, ते पुरुष सतरंजीवर शोधू लागले.

"याचं उत्तर मी विचारणाऱ्यालाच देईन," भैरवी म्हणाली. "त्यानं उभं राहावं."

सतरंजीवर खळबळ उडाली. "अवो मॅडम, आमचा नियम हाये!" तिथल्या पहिल्या रांगेतली म्हातारी तानाबाई ओरडली.

"माहीत आहे. तरी."

अवधूतनं माईकच्या वायरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"तो उभाच हाये, मॅडम."

कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि लगेच थांबल्या. अध्यक्ष पुंडलिकरावांचा तिळगूळ तोंडातच राहिला.

"मंग द्या न बाई उत्तर!" तानाबाई म्हणाली. "पोरगं कधीचं उभं हाये."

भैरवी माईकजवळ आली. पाठ केलेलं काहीच नव्हतं, म्हणून ती थांबली. अवधूत इतका जवळ होता, की त्याचा श्वास माईकमधून सगळ्या सभागृहाला ऐकू येत होता.

"सांगून जावं," ती म्हणाली. "आणि जायला घाबरू नये. यवतमाळहून पांढरकवड्यावरून आदिलाबादला बस आहे. रविवारी सकाळी निघालं तर दुपारचं जेवण तिथं दोघांना एकत्र करता येतं." तिचे कान तापले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता. "चौकशी मी आज सकाळीच करून आले."