तेरावा सेकंद

लिफ्टचं दार मिटता मिटता ती आत घुसली, आणि तिच्या पिशवीतल्या ओल्या टॉवेलचं पाणी थेट शेजारच्याच्या बुटांवर टपटपलं.

"सॉरी हं! चौथा मजला... तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला आज सोडत नाही मी. तीन दिवस मेल करतेय, ढिम्म हलत नाही मेला!"

"मेलो नाहीये अजून," बुटांकडे बघत तो म्हणाला. "मीच तो."

तिचे कान तापले. पण लाजायला तरी सवड कुठे होती? लहान मुलांना पोहायला शिकवायची ती. मुलं तिला पाणीताई म्हणत. या ऑफिसातून चालणाऱ्या पालकांच्या साइटवर कुणीतरी बारा सेकंदांची क्लिप टाकली होती — पाणीताई एका चिमुरडीला पाण्यात सोडते, चिमुरडी गटांगळी खाते, संपलं. तेराव्या सेकंदाला ताईचा हात खालून येतो आणि पोरगी खिदळत तरंगते... तेवढंच कापलेलं. निम्मी मुलं यायची बंद झाली होती. उद्या दुपारपर्यंत क्लिप गेली नाही, तर तलावाचे मॅनेजर वर्गच बंद करणार होते.

त्याच्या टेबलाशी बसूनही तिचा पाय हलतच होता. दर मिनिटाला फोनमध्ये डोकावणं — अजून दोनशे जणांनी पाहिलं!

"टाकणारे वेगळे असतात. आम्ही नुसती भिंत," तो पाठ केल्यासारखं म्हणाला.

"तुमच्या भिंतीवर कुणी माझी बदनामी रंगवली, तर पुसायची कुणी? मी?"

"आम्हाला माहीत नसेल, तोवर जबाबदारी आमची नाही."

"आता झालं ना माहीत?"

"तोंडी नाही चालत. मेलही नाही..." त्याने दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "सहीनिशी लिहून द्या. पोच घ्या, वेळेसकट. त्यानंतरही क्लिप ठेवली, तर दोष आमचाही. साहेबांना काढायची नाहीये ती... फार चालतेय."

"मग मला का सांगताय?"

"तुम्ही मेलमध्ये पाठवलेला पूर्ण व्हिडिओ पाहिला मी. सात वेळा."

"सात?"

"हात... कधी येतो, ते बघत होतो."

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तीन मुलांना पाय मारायला लावून ती ओल्याच बोटांनी फोन चाळत होती. साडेअकरा... पावणेबारा... आणि क्लिप नाहीशी! मॅनेजर नुसते "हं, चालू द्या" म्हणाले.

पण फोन बघायची खोड काही जाईना. आता वाट वेगळ्याच मेसेजची होती. तो आलाच नाही. रविवारी सकाळी तलावावर स्वतः तक्रार अधिकारीच आला, किमतीची चिठ्ठी न काढलेली पोहायची टोपी घालून.

"साहेब काय म्हणाले?" तिने विचारलं.

"ओरडले. तुमचं पत्र पुढे केलं, गप्प झाले. ...मोठ्यांना शिकवता?"

"पाण्याची भीती?"

"भयंकर."

'तुम्ही'चं 'तू' व्हायला तीन रविवार पुरले. चौथ्या रविवारी तो पाण्यावर उताणा, पाठीखाली तिचा तळहात. धडधड नक्की कुणाची, कोण जाणे.

"मी सांगेपर्यंत हात सोडू नकोस."

"आणि सांगितलंच नाहीस तर?"

"मग... माझी जबाबदारी कायमची तुझ्यावर."

"तोंडी नाही चालत," ती कशीबशी म्हणाली.

तो धडपडत उभा राहिला. काठाच्या फरशीवर ओल्या बोटाने काहीतरी लिहू लागला. उन्हात अक्षरं वाळायच्या आत तिने वाचलं.

"पोच?" त्याने विचारलं.

तिने त्याचा हात घट्ट धरला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मिळालं. आठ वाजून दहा मिनिटांनी."