दोन वेढे

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट हे वाचून माझ्या कामावरचे लोक मला वेड्यात काढतील. काढू देत. जे झालं ते झालं.

आणि ते रात्री-अपरात्री झालं नाही. भर दुपारी झालं. बुधवार होता, तीन वाजून गेले होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, ताईच्या खोलीत.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. सकाळी सहाला निघतो, दोनपर्यंत परत येतो. घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी मोठी बहीण.

ताई टपाल वाटायची. एकोणीस वर्षं, पायी. मग मणक्याचं दुखणं लागलं आणि दोन वर्षांत कमरेखालचं सगळं गेलं. जी बाई दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालायची, तिला कूस बदलायलाही पलंगाचा कठडा धरावा लागायचा.

तिची एक सवय होती. मोबाइलची वायर असो की घंटीची दोरी, ती कठड्याला दोन वेढे घालूनच ठेवायची.

"एका वेढ्यानं निसटतं रे. टपालाच्या गठ्ठ्याला आम्ही दोनच घालायचो."

मागच्या वर्षी मी एक वापरलेला व्हीआर हेडसेट आणला. तो डोळ्यांवर चढवला की आपण भलत्याच जागी उभे आहोत असं वाटतं. मान वळवावी तिकडचं दिसतं. त्यात एक नदीकाठची पायवाट होती. म्हटलं, पायांनी नाही तर डोळ्यांनी तरी ताई चालेल.

"तुला चालवून दाखवतोच," मी तिला म्हणालो होतो.

घोडं अडलं लॅपटॉपपाशी. माझा लॅपटॉप जुना. हेडसेट वायरने त्याला जोडला की पडद्यावर लाल चौकट यायची. या लॅपटॉपच्या ग्राफिक्सवर हे चालणार नाही, म्हणून.

"काय इंजिनिअर, आज तरी?" ताई रोज विचारायची. मी इंजिनिअर नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

"ग्राफिक्सच जुनं आहे गं."

"हो, हो. नाचता येईना अंगण वाकडं."

दहा दिवस मी त्यात डोकं घातलं. शेवटी इंटरनेटवर कुणीतरी सांगितलेली एक युक्ती सापडली. एका फाइलमध्ये एक ओळ बदलायची, की लाल चौकट येतच नाही. लिफ्टच्या कामात मी असं कधीच करत नाही. धोक्याची सूचना आली तर ती बंद करायची नसते, ती का आली ते बघायचं असतं.

पण घरी केलं.

हेडसेट सुरू झाला. आधी मी घालून बघितला. करडी जमीन, तिच्यावर पांढऱ्या रेघा आणि वर नुसता काळोख. मला वाटलं, चित्र यायला वेळ लागत असेल. मी तो ताईच्या डोळ्यांवर चढवला. एव्हाना तिच्या उजव्या हातातलाही जोर गेला होता, म्हणून चालायचं बटण असलेला रिमोट डाव्या हातात दिला.

पाच मिनिटं ती गप्प होती.

मग म्हणाली, "आलं."

"काय दिसतंय?"

"वाट दिसतेय रे. केवढी लांब आहे..."

मला रडू आलं. तिचे डोळे झाकलेले होते ते बरंच झालं.

त्यानंतर रोज दुपारी अर्धा तास ती चालायची आणि मला सांगायची. आता निळं फाटक आलं. इथे पायऱ्या आहेत, बारा. हे कुत्रं भुंकतं, पण चावत नाही.

"मला बघू दे की जरा," मी म्हणायचो.

"थांब रे. अजून अर्धी वाट राहिलीय."

नदीकाठच्या पायवाटेवर निळं फाटक कुठून आलं, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

सव्वीस दिवस ती अशी चालली. सत्ताविसाव्या दिवशी मी कामावर असताना मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे मी नसताना ताईला सांभाळायला येणाऱ्या बाई.

ताई झोपेतच गेली होती.

मी दुसऱ्या दिवशी रिमोटमधले सेल काढले आणि तो खणात ठेवून दिला. सेल तसेच ठेवले तर खराब होतात. तेव्हा मला एवढंच सुचलं.

दोन आठवड्यांनी मावशी राहिलेला डबा न्यायला आल्या. निघताना दारात घुटमळल्या.

"दादा, एक सांगू का? मनात ठेवून जड झालंय."

"सांगा ना."

"त्यात त्यांना काही दिसत नव्हतं. नुसती करडी फरशी. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"मी म्हटलं, सांगा की त्यांना. तर म्हणाल्या, त्याचं तोंड बघितलंत का मावशी? दहा दिवस जागलाय माझ्यासाठी. आणि मला काय, माझी टपालाची वाट तोंडपाठ आहे."

मावशी गेल्यावर मी दाराशीच बसून राहिलो. सव्वीस दिवस ती काळोखात बसली होती. माझं मन राखायला. आणि मी समोर स्टुलावर बसून खूश होतो.

तोच तो बुधवार.

तिने जे बघितलं, ते मला बघायचं होतं. मी लॅपटॉप सुरू केला आणि स्टुलावर ठेवला. ताईच्या खोलीला बाल्कनी आहे. बाल्कनीचा गंजलेला कठडा त्याच आठवड्यात कापून नेला होता, नवीन यायचा होता. त्यामुळे दाराला कडी लावलेली होती. मी ती हात लावून तपासली. कामाची सवय.

हेडसेट घातला.

करडी जमीन. पांढऱ्या रेघा. काळोख. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर.

"चुकलो गं ताई," मी म्हणालो.

आणि तेव्हा...

पलंग होता त्या बाजूला काहीतरी पांढरं दिसलं.

रिमोट.

हेडसेटमध्ये आपले हात दिसत नाहीत, हातातला रिमोट तेवढा हवेत दिसतो. तसा तो दिसत होता. पलंगाच्या उंचीवर, डावीकडे. ताईचा हात असायचा तिथेच.

मी हेडसेट वर सरकवला. पलंग रिकामा होता. खण उघडून बघितला. रिमोट खणातच, शेजारी सेल.

परत हेडसेट खाली घेतला.

आता रिमोट वर येत होता... अगदी सावकाश. उभ्या माणसाचा हात जिथे येतो, तिथे येऊन थांबला. मग मागे-पुढे हलायला लागला. चालताना हात हलतो, तसा.

मला भीती वाटली नाही. आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

"ताई... चालतेयस तू?"

रिमोट पुढे निघाला. मी मागोमाग निघालो. मी मागे पडलो की तो थांबायचा. लहानपणी शाळेत नेताना ताई अशीच थांबायची.

एक पाऊल. दोन. तीन.

मध्येच पंख्याची घरघर थांबली. मी लक्ष दिलं नाही.

चार. पाच.

तळपायाला फरशी गरम लागली... आमच्या खोलीत इतकं ऊन येत नाही.

सहाव्या पावलाला डोकं मागे खेचलं गेलं. हेडसेटची वायर ताणली होती. मी जोर लावला. वायर हलेना. समोर रिमोट थांबलेला. मग तो वर झाला आणि हलला, कुणी हाताने बोलवावं तसा.

अजून जोर लावला. वायर हलली नाही.

चिडून मी हेडसेट काढला.

मी बाल्कनीत होतो. डाव्या पायाची बोटं कडेच्या बाहेर होती. खाली तीन मजले, आणि मध्ये काहीच नाही.

दार सताड उघडं होतं.

मागे सरकत खोलीत आलो आणि भिंतीला टेकून बसलो. मग वायर दिसली. ती लॅपटॉपमधून केव्हाच निघाली होती. लॅपटॉप बंद होता. वायरचं टोक ताईच्या पलंगाच्या कठड्याला होतं.

दोन वेढे.

मी ते घातले नव्हते. घरात दुसरं कुणी नव्हतं.

वायर निघाल्यावर मला जे दिसत होतं, ते कुठून दिसत होतं, हे मला माहीत नाही. कडी कुणी काढली, तेही नाही. माझी झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीने. मला धरून ठेवणारी ताईच होती. दोन वेढे दुसरं कोण घालणार? मग पुढे चालत होतं ते कोण?

आणि ते ताई नसेल, तर ताई चालली नाही. मेल्यावरसुद्धा नाही. ती अजून पलंगावरच आहे.

पलंग मी काढलेला नाही. दुपारी कामावरून आलो की त्याच्याजवळ बसतो आणि तिला वाट सांगतो. आता निळं फाटक. आता पायऱ्या, बारा. बाल्कनीला नवीन कठडा बसला आहे आणि दाराला कुलूप आहे. तरी मी सांगत असताना कधीकधी ती कडी वाजते. मी तिकडे बघत नाही. पुढच्या घरापासून सांगत राहतो.

वाट नीट सांगता यावी म्हणून रविवारी मी स्वतः तिच्या टपालाच्या रस्त्याने चालून येतो. ते फाटक आता हिरवं आहे. पायऱ्या फोडून उतार केला आहे. कुत्रंही राहिलं नाही.

हे मी तिला सांगितलेलं नाही.