उडीतले काजवे

शेडमध्ये सकाळी सगळ्यांच्या आधी थोरली यायची आणि चमकणारं काही बाहेर राहिलंय का ते बघायची. कुणाचं मनगटी घड्याळ, स्टीलची बाटली, सफाईवाल्या बाईंची नवी बादली, कोपऱ्यात पडलेला वेफर्सचा कागद. हलवता येईल ते हलवायची, नाही त्यावर काळी चिकटपट्टी लावायची. भिंतींवर छतापर्यंत बसवलेल्या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नसे, फक्त चमक दिसे. तिची धाकटी बहीण अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख चढवून मध्ये उभी राहायची. त्यावर सांध्यासांध्याला बोराएवढे चकचकीत गोळे लावलेले असत, आणि थोरलीच्या पडद्यावर त्या गोळ्यांचे ठिपके उमटत. ठिपके धावत, उड्या मारत. पुढे त्यांच्यावर व्हिडिओ गेममधल्या नायिकेचं शरीर चढे.

धाकटीला घरीदारी सगळे पिसू म्हणत. ती चालायला शिकली तीच टेबलावरून उडी मारून, असं आई सांगायची. शाळेपासून जिम्नॅस्टिक्स, मग एका स्पर्धेत गुडघा फुटला आणि पुढची दोन वर्षं पिसू घरात खिडकीजवळची खुर्ची धरून बसली. फिजिक्स शिकून या कंपनीत लागलेल्या थोरलीनंच तिला इथे आणलं. "तुझ्या भरवशावर पाठवतेय," आई म्हणाली होती, आणि थोरलीनं ते हसण्यावारी नेलं नव्हतं.

खेळ गोळीबाराचा होता, पण नुसता धडाधड गोळ्या झाडायचा नव्हे. खेळणाऱ्याला सगळं नायिकेच्या डोळ्यांतून दिसायचं. ती भिंतीवरून धावायची, कठड्यावरून उलटी गिरकी घेत खाली यायची, आणि एक बटण दाबलं की जग मधात बुडाल्यासारखं संथ व्हायचं. गोळ्या तरंगत जवळून जायच्या, फुटलेली काच हवेत लोंबकळत राहायची. कंपनीचा सगळा तोरा त्या संथपणावर होता. एरवी नजरेतून सुटलं असतं ते तिथे उघडं पडे, म्हणून पिसूची प्रत्येक उडी खरी हवी होती.

पडद्यावर कधीकधी जादा ठिपके यायचे. कुठलीतरी चमक कॅमेऱ्यांनी चुकून पकडली की रिकाम्या हवेत एक ठिपका लुकलुके आणि विझे. शेडमध्ये त्यांना काजवे म्हणत. काजवे पुसणं हे थोरलीचं काम. पिसूच्या उड्यांत ते जरा जास्त असत, पण ती गरगर फिरते, तेव्हा होणारच, असं थोरलीनं धरून चाललं होतं. ती मुकाट्यानं पुसत आली होती.

पहिली शंका काढली ती ढापण्यानं. जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा मुलगा खेळातल्या वस्तूंचं पडणं-आपटणं जमवायचा. एका दुपारी तो थोरलीच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"तुझी बहीण खाली यायला वेळ लावते."

"म्हणजे?"

"म्हणजे उडी मारते आणि वर कुणाशी तरी गप्पा मारत थांबते. माझ्याकडे बाकी सगळं वेळेवर पडतं. हीच उशिरा."

"तुझी आकडेमोड चुकली असेल."

"माझी? बरं. मग तूच बघ की."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं बघितलं. पिसू जिथून उड्या मारायची त्या मचाणावरून तिनं चमकती पट्टी लावलेला चेंडू सोडला. चेंडू पडायला हवा तसाच पडला. वाळूचं पोतं पिसूच्या वजनाचं भरून घेतलं आणि ढकललं. तेही वेळेवर आलं.

"ताई, आता मी," पिसू वरून ओरडली. "का पोत्यावरच काम भागवणार आहात?"

"पोतं उलट बोलत नाही. मार उडी."

पिसू आली. डोळ्यांना काही कळलं नसतं, पण पडद्यावर स्पष्ट होतं. ती पोत्यापेक्षा हळू खाली आली होती.

थोरलीनं कॅमेरे पुन्हा जुळवले. पुन्हा तेच. मग तिनं एक गोष्ट केली जी तिच्या कामात कुणी करत नाही. पुसलेले काजवे तिनं परत आणले आणि पिसूची एक जुनी उडी, खेळात चालते तशी, अगदी संथ चालवली.

पिसूचे पाय मचाणावरून सुटले. त्याच क्षणी तिच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना काजवे उमटले. ते लुकलुकत नव्हते. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला पाच, बारीक कमानीत बसलेले, आणि पिसूबरोबर ते खाली येत होते. तिची पावलं जमिनीला टेकली आणि ते विझले.

थोरलीनं आपला पंजा पडद्याला लावला. ठिपके तिच्या बोटांच्या टोकांखाली बसले.

ती उडी पहिल्या दिवसांतली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती एकामागून एक उड्या बघत राहिली. प्रत्येक उडीत ते होते, आणि महिन्यागणिक कमी होत होते. आधी करंगळ्यांच्या जागा रिकाम्या झाल्या. मग शेजारच्या. गेल्या आठवड्यात पाठीच्या कण्याखाली एकच ठिपका उरला होता. पिसू मात्र तेवढीच हलकी येत होती. शिकवणारा माणूस आधार थोडाथोडा काढून घेतो, म्हणजे शिकणाऱ्याचं अंग वजनाला सरावतं. इथे बोटं कमी होत होती आणि आधार जसाच्या तसा होता.

सुट्टीत दोघी मागच्या पायरीवर बसल्या होत्या. थोरलीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "उडी मारताना काय वाटतं गं तुला?"

"हलकं." पिसूनं घास गिळला. "क्लासमध्ये गिरकी शिकवताना बाई कमरेला धरायच्या ना? तसं. गुडघा फुटायच्या आधीसुद्धा मला एवढं सहज जमत नव्हतं, ताई. आता वाटतं, हे अंग माझं आहे."

तिचा चेहरा उजळला होता. थोरली पाण्याची बाटली उघडायला वळली, कारण आपल्या चेहऱ्यावर काय दिसतंय याची तिला खात्री नव्हती.

मोठी उडी दुसऱ्या दिवशी होती. सर्वांत उंच मचाण, पाठमोरी दुहेरी गिरकी, आणि दोरी नाही. दोरीचा ताण संथपणात दिसतो, असं उड्या बसवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं होतं. गादीही पातळ, कारण जाड गादीवर माणूस उतरत नाही, बिछान्यात पडतो. थोरलीच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. पिसूचं अंग उशिरा येणाऱ्या जमिनीला सरावलं होतं. शेवटचं बोट निघालं तर दुसरी गिरकी पुरी व्हायच्या आत जमीन येईल. तेव्हा सगळ्यात खाली पिसूची मान असेल.

संध्याकाळी घरी तिनं विषय काढला.

"उद्या दोरी लावून घे."

"का?"

"तुझी गिरकी उशिरा पुरी होते. तुला वाटतो तेवढा वेळ तुझ्याकडे नाही."

"आजवर होता ना?"

"होता. उद्या नसला तर?"

"उद्या काय पृथ्वी बदलणार आहे?" पिसू हसली, मग हसायची थांबली. "मी खुर्चीत बसून होते तेव्हा सगळे किती गोड बोलत होतात. जरा उभी राहिले तर तुझ्या पोटात दुखायला लागलं?"

ते काजवे पडद्यावर दाखवले असते तर वाद तिथेच मिटला असता. पण मग त्या सगळ्या उड्यांमधली एकही पिसूची उरली नसती. थोरली उठून ताटं आवरायला लागली.

सकाळी तिनं मास्तरांना गाठलं. मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "ताई, तुम्ही ठिपके सांभाळा. माणसं मी सांभाळतो."

"निदान जाड गादी घाला."

"तिलाच विचारा."

पिसूनं लांबूनच नकारार्थी मान हलवली.

अंग मोकळं करायला ती आधी बुटक्या पेटीवरून उडी मारायची. थोरली पडद्याला डोळे लावून बसली. पिसूचे पाय पेटीवरून सुटले.

कमरेजवळ काहीच नव्हतं.

पिसू धपकन गुडघ्यांवर आली. क्षणभर ती खालच्या फरशीकडे बघत राहिली, कुणी ती वर सरकवल्यासारखी. मग हात झटकत हसली. "बूट सटकला."

"चला, वर," मास्तर म्हणाले.

थोरलीनं ती उडी पुन्हा चालवली. संथ. आणखी संथ. कण्याखाली हवा होती, नुसती हवा.

तिनं मान वर केली तोवर पिसू मचाणाच्या कडेला पाठमोरी उभी होती. मास्तरांनी हात वर केला. त्याचा अर्थ होता, आता कुणी बोलायचं नाही.

"थांबा!" थोरली ओरडली.

"शांतता!" मास्तर ओरडले.

थोरली उठली. खुर्ची मागे कलंडली. पायांत वायर आली, ती तोडत ती पळाली.

पिसूनं गुडघे वाकवले.

थोरली गादीवर पोचली, हात वर केले.

पिसू आली. पोतं यावं तशी आली.

थोरलीला फक्त काळा पोशाख दिसला. तिनं समोरून कमरेला मिठी मारली आणि सगळ्या ताकदीनं तिला फिरवलं. दोघी एकमेकींवर कोसळल्या. काहीतरी मोडल्याचा आवाज आला.



"ताई," पिसू खालून म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "जमीन लवकर आली."

मोडलं होतं ते मनगट. मान शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, नशीब बलवत्तर. मास्तर दवाखान्याच्या बाकावर टॉवेल पिळत बसून राहिले. थोरलीकडे त्यांनी एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. परतताना गाडीत पिसूनं आपण होऊन सांगितलं, "आता उड्या नकोत." थोरलीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. आईला फोन केला तेव्हा थोरलीचा आवाज अगदी सरळ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली पिसूच्या खोलीशी आली. दोन्ही हातांत ट्रे होता, त्यावर सूपचा वाडगा, पाण्याचा ग्लास, गोळ्या. खिडकीच्या पडद्यांतून ऊन आत आलं होतं. पिसू भिंतीकडे तोंड करून, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून पडली होती. गोळ्यांनी तिला गुंगी आली होती.

"ताई," ती जड आवाजात म्हणाली, "कंबर सोड ना आता. दुखतंय."

थोरली दारातच थांबली. ट्रे अजून तिच्या दोन्ही हातांत होता.

तिला एवढंच सुचलं की पिसूनं घाबरता कामा नये.

"सोडलं हं," ती दारातून म्हणाली.

पिसूनं कूस बदलायचा प्रयत्न केला. तिला वळता येईना.

"कुठे सोडलंस?"