फुग्यांपुरती जागा

"माणसं बोलणार कुठून? कानातून?"

ताईने कॉमिकचं शेवटचं पान टेबलावर आपटलं तशी शाईची बाटली हिंदकळली. धाकट्याने चौकटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वादळ काढलं होतं. ढग, विजा, उडालेले पत्रे... आणि संवादाचे फुगे टाकायला बोटभरही जागा नाही! शिवाय प्रश्न विचारणारा उजवीकडे आणि उत्तर देणारा डावीकडे, म्हणजे वाचणाऱ्याने आधी उत्तर वाचायचं आणि मग प्रश्न! कॉमिकच्या पहिल्या पानापासून ती कानीकपाळी ओरडत होती, की आधी फुगे आखून घे, मग चित्र काढ. पण ऐकेल तर शपथ!

"बसव ना कसंतरी. नेहमी बसवतेस की," मोबाईलवरून मान वर न करता तो म्हणाला.

बसवत होतीच ती! कागदाचा तुकडा चिकटवून कुठे डोंगर खाली ओढायचा, कुठे छप्पर वर सरकवायचं, त्याच्याच रेषेची नक्कल करत चित्र नव्याने काढायचं आणि मग त्यात अक्षरं लिहायची. त्याच्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश तिला मिळाला होता. पण घर कोणीतरी चालवायला हवं होतं, म्हणून तिने दुकानांच्या पाट्या रंगवायला घेतल्या आणि त्या पाट्यांच्या पैशांवर हा शिकला. त्याचं तिला दुःख नव्हतं... निदान आजवर तरी नव्हतं!

मग त्याने प्रकाशकांकडून आलेला मुखपृष्ठाचा नमुना तिच्यापुढे सरकवला. त्यावर एकच नाव होतं, त्याचं.

"माझं नाव?"

"अगं, तू अक्षरंच तर काढतेस!"

अक्षरंच तर! तिने शांतपणे पेन पुसलं, टोपण लावलं.

"मग शेवटच्या पानाची अक्षरं तूच काढ. उद्या सकाळी छापखान्यात द्यायचंय ना?"

"असं काय करतेस? लहान आहे तो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"लहान? दाढी आलीय त्याला, आई! अजून किती वर्षं लहान राहणार आहे हा?" बोलता बोलता ती उठली आणि खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.

दुपारभर बाहेरून खोडरबर घासल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाज येत होता. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा तो दारात उभा राहिला. हातात तयार पानांचा गठ्ठा होता, डोळे लाल.

"तू फुगे कसे बसवतेस ते बघायला पानं खिडकीच्या उजेडात धरली, ताई... खाली माझं चित्र दिसलं आणि वर चिकटवलेलं तुझं. सगळी पानं पाहिली. एकही पान माझं एकट्याचं नाही गं!"

त्याने कोरं पान तिच्यापुढे ठेवलं आणि तिच्या हातात पेन नाही, पेन्सिल दिली.

"शेवटचं पान तू नव्याने काढ. अक्षरं मी लिहितो."

"तू? तुझी अक्षरं मुंग्या पळाल्यासारखी!" असं म्हणताना तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती.

पान पुरं होईपर्यंत दोघं टेबलाशी भांडतच बसले. शेवटी त्याने नवं मुखपृष्ठ पुढे केलं. आधी तिचं नाव, खाली त्याचं. दोन्ही त्याच्याच हातची. ओळ घसरलेली, तिच्या नावाचं शेवटचं अक्षर कडेला चेंगरलेलं!

"अरे, जागा बघून लिहावं की नाही माणसाने!" ती करवादली आणि दुरुस्तीसाठी तिने पेन उचललं. वेडंवाकडं एक अक्षरही तिच्या हातून कधी छापायला गेलं नव्हतं. ती त्या नावाकडे बघत राहिली... आणि तिने पेन खाली ठेवलं.

"असंच दे छापायला," ती म्हणाली.