आठाचं बटण

उज्ज्वला चव्हाणचा फोन पाण्याच्या ड्रममध्ये पडला नसता, तर नेरच्या बाजार समितीसमोरच्या त्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण पडला. दोन हजार सात साल होतं, पोळा होऊन चार दिवस झाले होते, आणि तांड्यावरच्या तिच्या घरात तो एकच फोन होता. तिनं तो ओढणीच्या टोकात गुंडाळून आणला, टपरीतल्या तरुणासमोर ठेवला आणि आजच्या आज सुरू झाला पाहिजे म्हणून बजावलं.

तरुणाचं नाव प्रेम राठोड. त्यानं फोन उघडला, आतलं पाणी पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं.

"माणसं आजारी बापाले घेऊन दवाखान्यात एवढ्या घाईनं जात नाहीत," तो म्हणाला, "जेवढ्या घाईनं ओला फोन घेऊन माह्याकडे येतात."

"मग दुरुस्त कायले करता? बंद पाडत जा."

झालं! तिथून दोघांचं जे जुंपलं, ते फोन सुरू झाल्यावरही थांबेना. उज्ज्वला आश्रमशाळेत विज्ञान शिकवायची, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत तयार असायचं. पत्रिका पाहणाऱ्यांवर, बीटी बियाण्यावर, बायोडाटाला फोटो चिकटवून लग्न जमवण्याच्या नव्या रीतीवर... विचारा, न विचारा. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो, हे त्यातलं सगळ्यात ठाम. प्रेमचं म्हणणं उलट होतं. यंत्र माणसानंच केलं, मग चुकायला ते दुसऱ्या कोणाकडून शिकणार? फोनमुळे माणसं एकमेकांकडे जायची थांबली, असंही तो म्हणायचा. त्यावर तिनं सांगितलं, की तिची याडी, म्हणजे आई, आपल्या बहिणीचा आवाज वर्षातून एकदा ऐकायची आणि आता दर रविवारी ऐकते. प्रेमनं तेवढं मान्य केलं. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं कान खाजवला. हरताना हा माणूस चिडत नाही, हे उज्ज्वलाला फार आवडलं.

पाण्यानं बटणांचा पट्टा खराब झाला होता. प्रेमनं जुन्या फोनमधला काढून बसवून दिला.

दसऱ्यानंतर कापूस निघाला. ती वर्षं कापसाला वाईट होती. मोठ्या शहरांतून कॅमेरे घेऊन माणसं यायची आणि तांड्यावर सगळ्यांना तेच ते रडके प्रश्न विचारायची. उज्ज्वलाचा बाप देवीलाल त्या प्रश्नांना इतका कंटाळला, की एकदा त्यानंच त्यांना, कापसाला फूल कोणत्या रंगाचं येतं ते सांगा, असं विचारलं. त्याला हवा होता फक्त सकाळी गाडी भरायच्या आधी त्या दिवसाचा भाव. प्रेमची टपरी समितीच्या फाटकासमोर, तेव्हा भाव रोज तोच मेसेज करून कळवू लागला. इंग्रजी अक्षरांतली मराठी, जशी तेव्हा सगळेच लिहायचे. भावाखाली एक जास्तीची ओळ असायची. 'कापूस आज हसून राह्यला. तू?'

'कापूस हसत नाही, फुटतो. विज्ञान वाच,' असं ती उलट पाठवायची, आणि मग दिवसभर शाळेत हसत राहायची.

दिवाळी आली. तांड्यावर लग्न न झालेल्या पोरी हातात दिवा घेऊन घरोघरी 'मेरा' मागायला जातात, तशी उज्ज्वलाही गेली. परतल्यावर याडी म्हणाली, यंदाचा मेरा तुझा शेवटचा. दिग्रसचं स्थळ आलं होतं, मुलगा पुण्यात कंपनीत होता, आणि पुढच्या रविवारी पाहुणे बघायला येणार होते. देवीलालनं शब्द दिलेला नव्हता, पण नाही म्हणायला त्याच्याकडे कारणही नव्हतं.

उज्ज्वलाकडे होतं. टपरीवर जाऊन तिनं प्रेमला स्थळाची बातमी तेवढी सांगितली, अगदी सहज, दुसऱ्या कोणाची सांगावी तशी. त्यानं कोणता रविवार, एवढंच विचारलं आणि हातातला स्क्रू खाली पाडला. तो शोधायला बराच वेळ वाकून बसला. सगळ्या जगावर बोलणाऱ्या या पोरीची जीभ एवढ्या एका गोष्टीला उचलेना. त्यानं बोलावं, रविवारच्या आत बोलावं, असं तिला जिवापासून वाटत होतं.

मग भाऊबीज उजाडली. समिती बंद, म्हणून भावाचा मेसेज नाही. दहा वाजले, अकरा वाजले... उज्ज्वलाला करमेना. शेवटी तिनंच पाठवलं, आज भाव नाही का?

तासाभरानं तीन शब्द आले. 'हो ताई. आहे.'

ताई? तिनं फोन उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला खुलासा लिहिलेला असावा. दुसऱ्या दिवसापासून नुसता कोरडा भाव येऊ लागला. खालची ओळ गेली, 'तू' गेलं, आणि प्रत्येक वेळी शेवटी ती ताई. एकदा तिनं मुद्दाम लिहिलं, की भूत असतं असं मला आजकाल वाटतं. तरी वाद नाही. 'असू शकते ताई.' त्या रात्री ती जेवली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली, तशी ती तडक नेरला गेली. भांडायचं आणि परत यायचं, एवढंच ठरवून. तिला पाहताच प्रेम उठून उभा राहिला. चेहरा पार उतरला होता. त्यानं कपाटातून एक कागदी पुडकं काढून दोन्ही हातांनी पुढं केलं.

"घ्या ताई. उशीर झाला. भाऊबीजेची ओवाळणी राह्यली होती."

"मी तुले ओवाळलं कधी?"

"बलावलं तर होतं ना." त्यानं आपला फोन तिच्यासमोर धरला. "मले यायचा धीर झाला नाही."

तिनं वाचलं. इंग्रजी अक्षरांत स्पष्ट लिहिलं होतं, 'आज भाऊ नाही का?'

एकुलती एक पोर, भाऊबीजेचा दिवस, आणि हा असला निरोप. तिच्या कानांपर्यंत ऊब चढली. तिनं खस्सकन स्वतःचा फोन काढला आणि त्याच्यासमोर एकेक अक्षर दाबलं. आठाचं बटण दोनदा दाबलं की यू, तीनदा दाबलं की व्ही. तिनं तीनदा दाबलं. यू आला. पुन्हा दाबलं, यूच आला. तिसरा दाब बटण घेतच नव्हतं. भावाचा भाऊ झाला होता.

"हा पट्टा कोणी बसवला?" तिनं विचारलं.

प्रेमनं फोन हातात घेतला, बटण चाचपलं, आणि आपल्याच कामाची त्याला अशी लाज वाटली की काही विचारू नका. "म्हणूनच तुहं विज्ञान महिनाभर उइज्ञान येऊन राह्यलं होतं," तो पुटपुटला. "मले वाटलं, शिकलेली माणसं तसंच लिहीत असतील."

उज्ज्वलाला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं.

"अरे शहाण्या, तू गोर बंजारा, मी गोर बंजारा. मले तुले भाऊच म्हणायचं असतं, तर मी आपल्या बोलीत भिया म्हटलं असतं. मराठीत कायले म्हणू?"

प्रेम तिच्याकडे पाहतच राहिला. जन्मापासून घरात भिया, भिया ऐकलेला माणूस, आणि हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं! मग त्यानं हळूच सांगितलं, की त्या दिवशी तो आणि त्याची याडी हंसाबाई नेरच्या स्टँडवर उभे होते. पिशवीत नारळ आणि गूळ. उज्ज्वलाच्याच तांड्याला निघाले होते, देवीलालकडे तिला मागायला. गाडी लागली आणि त्याच वेळी मेसेज आला. याडीला काय सांगावं ते न कळून, डोकं दुखतं म्हणून तो तिला घरी घेऊन गेला.

"मंग आता?" ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "उद्या ते पाहुणे येऊन राह्यले, प्रेम."

"मले तू पाहिजे," तो म्हणाला. इतकं सरळ, की शेजारच्या गाडीवाल्यानं चहा ओतता ओतता मान वर केली. "तू भाऊ मानते असं वाटूनही तुलेच मेसेज करत होतो. दुसरं काही जमतच नव्हतं."

उज्ज्वलानं ओवाळणीचं पुडकं त्याच्या कपाटात परत ठेवलं. "तुही याडी घरी हाय?"

"हाय."

"चाल मंग. चारची गाडी हाय."

हंसाबाईनं दारात पोरीला पाहिलं, पोराचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता आत जाऊन पिशवी घेऊन आली. गाडीत बसायला जागा नव्हती. प्रेम आणि उज्ज्वला दांडी धरून उभे होते. वळणावर त्याचा हात तिच्या हाताला लागला. त्यानं काढला नाही, तिनंही नाही. देवीलालसमोर काय बोलायचं ते तो वाटभर मनात जुळवत होता.

प्रत्यक्षात अंगणात पोचल्यावर त्याला एकही वाक्य आठवलं नाही. "बापू, मी हिच्यासाठी आलो," एवढंच तो म्हणाला. देवीलालनं त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग पोरीकडे पाहिलं. ती बापाची नजर चुकवत नव्हती. एरवी दहा कारणं देणारी पोर एक शब्द बोलत नव्हती, आणि देवीलालला तेवढंच पुरलं. दिग्रसला आजच फोन करून टाक, असं त्यानं उज्ज्वलाच्या याडीला, जमनीला, सांगितलं, आणि तांड्याच्या नायकाला बोलवायला तो स्वतः निघाला.

नायकासमोर गूळ वाटला, की तांड्यावर सोयरिक पक्की होते. पण हंसाबाईला तेवढा धीर नव्हता. एकदा स्टँडवरून परतलेली बाई ती! नायक यायच्या आत तिनं गुळाचा मोठा खडा फोडला आणि पोरीच्या तोंडात कोंबला. समोर प्रेम खांबाला टेकून हसत होता, त्याला काहीतरी खरमरीत सुनावायचं उज्ज्वलाच्या अगदी ओठांवर आलं होतं... पण तोंडभर गूळ होता, आणि तिला तो लवकर संपायला नको होता.