पुसलेला ढेमसा

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोनच ओळी होत्या. "कार्डात एकही फोटो नाही. कार्ड फॉरमॅट करायचे का?" आणि त्याखाली दोन चौकोन, हो आणि नाही.

एकही नाही? काल दसऱ्याला मंजिरीने सकाळपासून नुसता धडाका लावला होता. पूजेचे फोटो, आपट्याच्या पानांचे फोटो, शेजारच्या काकू नको नको म्हणत असताना त्यांच्या वासराचेही फोटो. कार्ड तर कॅमेऱ्यातून बाहेरही आलं नव्हतं. मग फोटोंना काय पाय फुटले?

आता मंजिरी म्हणजे पायाला भिंगरी लावलेली मुलगी. जेवायला बसली तरी तिचा एक डोळा दाराकडे. बटण दिसलं की ते दाबलंच पाहिजे, मग ते कशाचं आहे हे नंतर बघू. त्यात आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचं बोट 'हो'वर जाऊन टेकणार, एवढ्यात शेडच्या कोपऱ्यातून आवाज आला.

"मंजिरी, बोट उचल."

हा ढेमसा. वरुडजवळच्या त्यांच्या रोपवाटिकेतला (संत्र्याची कलमं वाढवून विकण्याच्या जागेतला) यंत्रमानव. चार चाकं, दोन लांब हात आणि वर हिरवट गोल डोकं. विदर्भात ढेमसं नावाची गोल भाजी घरोघरी होते, त्यामुळे त्याच्या नावासाठी कुणाला फार विचार करावा लागला नाही. कलमांना पाणी देणं, पानांवरचा रोग ओळखणं, पिशव्या वाहणं ही सगळी कामं तो करायचा, आणि कुणी सांगितलेलं नसूनही मंजिरीची गणितं तपासायचा.

काल मात्र भलतंच घडलं. अवजारांची पूजा झाली, ढेमसाचीही झाली, आणि कामाला लागल्याबरोबर तो सरळ कलमांच्या वाफ्यात घुसला. वर्षभर जपलेली कलमं चाकांखाली चिरडली. बाबा ओरडत धावले तेव्हा कुठे तो थांबला. बाबांनी पाइप लावून त्याला खसाखसा धुतलं, चाकांना कुलूप घातलं आणि त्याच्या कंपनीला फोन केला. आज दुपारी कंपनीची माणसं ढेमसाची स्मृती (त्याने आजवर साठवलेलं सगळं) पुसून टाकणार होती. म्हणजे मंजिरी कोण, हेही त्याला उद्या ठाऊक नसणार.

"तू मुद्दाम नाही केलं न?" मंजिरीने सकाळपासून चौथ्यांदा विचारलं.

"माझ्या नोंदीत 'समोर मोकळी वाट' एवढंच आहे," ढेमसा म्हणाला. "म्हणजे मला दिसलं तेच चुकीचं होतं. पण का चुकीचं दिसलं, ते मला आतून कळणार नाही. परवापर्यंत मी ठीक होतो. काल पूजेनंतर बिघडलो. मधे काय बदललं ते शोधायचं. आणि ते तुझ्या फोटोंत असेल."

"पण फोटोच नाहीत न रे! पाह्य, कॅमेराच म्हणून रायला. मी एक फोटो काढून पाह्यते, मग समजंल कार्ड चालते का."

"अजिबात नको!"

ढेमसा कधी ओरडत नसे. मंजिरीचे हात जागच्या जागी थांबले.

"आधी कॅमेरा बंद कर. चालू कॅमेऱ्यातून कार्ड काढायचं नाही. हं, आता काढ. त्याच्या पाठीवर सोनेरी पट्ट्या आहेत बघ. कॅमेरा आणि कार्ड एकमेकांशी बोलतात ते त्या पट्ट्यांतून. कशा आहेत?"

मंजिरीने कार्ड उजेडात धरलं. पट्ट्या सोनेरी कुठल्या, चांगल्या लालभडक होत्या! तिने कॅमेऱ्याच्या खाचेत डोकावलं. आत कुंकवाचा थर होता आणि तांदळाचा एक दाणा ऐटीत बसला होता.

"अगं बाई, अक्षता!"

काल आईने फावडं, विळा, कलमं बांधायचा चाकू यांच्या रांगेत कॅमेराही पाटावर ठेवला होता. रोगट पानांचे फोटो काढायला तोच लागतो, म्हणजे तोही अवजारच की. आणि कार्डाच्या खाचेचं झाकण घाईघाईत उघडं टाकणारी मुलगी आपल्या ओळखीची आहेच. आईने भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं ते थेट आत जाऊन बसलं.

मंजिरीने फुंकर मारायला गाल फुगवले.

"फुंकरीत थुंकी असते," ढेमसा म्हणाला. "ओलं झालं तर पट्ट्या गंजतील. तुझा रंगाचा कोरडा ब्रश घे आणि हळू झटक. आता कार्डाच्या कडेला एक छोटी खिट्टी आहे, ती खाली सरकव. ते कार्डाचं कुलूप. आता कार्डातलं वाचता येईल, पण त्यात नवं काही लिहिता येणार नाही."

मंजिरीने कार्ड परत घातलं, कॅमेरा चालू केला. पुन्हा तेच. एकही फोटो नाही.

तिचे डोळे भरून आले. भिंतीवरचं घड्याळ तर आज तिच्या वाईटावरच उठलं होतं. "आता रे? सगळं संपलं?"

"तू पंगतीत वाढलं आहेस ना?" ढेमसाने विचारलं. "समज, लग्नाची मोठी पंगत आहे. एवढी मोठी की यजमानाला सगळे पाट एकदम दिसतच नाहीत. म्हणून दाराशी एक यादी टांगली आहे. अमक्या पाटावर अमका पाहुणा. यजमान फक्त यादी बघतो. आता ती यादी फाटली, तर पाहुणे उठून जातील का?"

"कायले जातील? जेवण व्हायचं हाय न त्याईचं."

"पण यजमान काय म्हणेल?"

"म्हणंल, पंगत रिकामी हाय."

"झालं! कार्डातही अशीच एक यादी असते. तिला अनुक्रमणिका म्हणू (कोणता फोटो कार्डाच्या कोणत्या जागी आहे ते सांगणारी यादी). कॅमेरा फोटो लिहीत असताना मधेच कुंकू आड आलं, बोलणं तुटलं आणि ती यादी बिघडली. फोटो आपापल्या पाटावर बसलेत. फॉरमॅट करणं म्हणजे जुनी यादी टाकून कोरी यादी टांगणं. तेवढ्यानेही पाहुणे उठत नाहीत. खरी पंचाईत त्यानंतर होते. तू म्हणालीस ना, एक फोटो काढून पाहते? तो नवा पाहुणा. यजमान त्याला म्हणाला असता, बसा हो, पाट रिकामाच आहे. आणि तो बसला असता थेट जुन्या पाहुण्याच्या जागेवर. मग मात्र जुना गेला तो गेलाच."

मंजिरीने आपलं बोट पटकन मुठीत लपवलं. आज तिने कितीदा बटणावर बोट नेलं होतं!

"मंग आता पाहुणे ओळखायचे कसे? यादी तर गेली."

"पंगतीत पानावर पहिलं काय वाढतात?"

"मीठ."

"मग यादी नसली तरी मी रांगेतून चालत जाईन. जिथे मीठ दिसेल तिथे नवं पान सुरू झालं असं समजेन. प्रत्येक फोटोची सुरुवात अशाच काही ठरलेल्या आकड्यांनी होते. कार्ड माझ्या खाचेत घाल. मी पहिल्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंत वाचत जातो. सापडलेले फोटो कार्डात परत लिहायचे नाहीत हं. ते माझ्याकडे ठेवतो."

ढेमसाच्या छातीवरच्या पडद्यावर एकेक फोटो उमटू लागला. आपट्याची पानं आली. वासरू आलं, पण अर्धंच. पुढचा भाग वासराचा आणि मागे नुसता करडा पट्टा. मंजिरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. लवकर रे, लवकर! मग आई आली, विळा आला, आणि मग बाबा आले. बाबांचा अंगठा कुंकवात बुडवलेला होता, आणि तो ढेमसाच्या कपाळावर मळवट भरत होता.

"थांब! हे काय हाय तुया कपाळावर? काळी पट्टी?"

"माझा अंतरमापक (समोरची वस्तू किती लांब आहे ते प्रकाश पाठवून मोजणारं यंत्र). चालताना मी बघतो ते त्यातूनच. खालचे दोन दिवे नुसते शोभेचे."

त्या शोभेच्या दिव्यांना कुंकू लागू नये म्हणून काल सगळ्यांनी किती काळजी घेतली होती! आणि बाबांनी मोठ्या मायेने त्याचा खरा डोळा बुजवला होता. मग तो वाफ्यात घुसेल नाही तर काय करेल? नंतर बाबांनीच पाइपने कुंकू धुऊन टाकलं. कुणाला कळणार कसं?

"बाबाले घेऊन येते!" मंजिरीने कार्ड काढून खिशात कोंबलं आणि ती सुसाट सुटली.

बाबा पार विहिरीपाशी पंप उघडून बसले होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. त्यातलं बाबांना फक्त कुंकू आणि डोळा एवढंच कळलं. तिने त्यांचा हात धरून ओढतच आणलं.

शेडच्या दाराशी कंपनीची गाडी उभी होती.

ढेमसाचे दिवे विझले होते. पाठीचं झाकण उघडं होतं. एक तरुण बाई मांडीवर यंत्र घेऊन बसली होती. तिचं नाव घाटोळ. ती स्वभावाने चांगली होती, फक्त वक्तशीर जरा जास्तच होती.

"झालं बघा पुसून," ती हसून म्हणाली. "आता नवी प्रणाली (यंत्राला चालवणाऱ्या सूचना) भरायला घेतली आहे. थोड्या वेळात अगदी नवाकोरा."

ढेमसा गेला. त्याने शोधलेले फोटोही त्याच्याबरोबर गेले. पण घाटोळताईंच्या पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे हळूहळू भरत होती. नवे पाहुणे येत होते. बसा हो, पाट रिकामेच आहेत.

"थांबवा!" मंजिरी किंचाळली. "आत काही भरू नका! अगोदर थे थांबवा!"

घाटोळताईंनी दचकून बटण दाबलं. पट्टी थांबली.

"तुम्ही यादीच पुसली न? का सगळे पाट झाडून घेतले?"

"कसले पाट?"

मंजिरीने रडत रडत, नाक ओढत, पंगत, यादी आणि मीठ सगळं सांगितलं. घाटोळताई आधी गोंधळल्या, मग त्यांचे डोळे चमकले. "मी झटपट पुसणी केली. म्हणजे फक्त यादीच. सगळ्या जागा पुसायला खूप वेळ लागतो. तसं केलं असतं, तर काहीच हाती लागलं नसतं. अजून शोधता येईल. पण गेलेलं परत आणा असं आजवर कुणी म्हटलंच नाही मला."

"मी बी नाही म्हणत," बाबा म्हणाले. "जुनं आणसान तर जुना बिघाड बी येईन. पुन्हा वाफ्यात घुसला तर?"

"बिघाड त्याच्यात नव्हताच!" मंजिरीने खिशातून कार्ड काढलं. ढेमसाने फोटो वाचून घेतले होते, उचलून नेले नव्हते. वर कार्डाला कुलूप होतं. घाटोळताईंनी कार्ड आपल्या यंत्रात घातलं आणि त्याच पंगतीतून पुन्हा एकदा चालत गेल्या. आपटा, अर्धं वासरू, आई, विळा. आणि बाबांचा अंगठा.

बाबांनी फोटो पाहिला. मग आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. नखात कालचं कुंकू अजून होतं.

"बाप्पा!" ते हळूच म्हणाले. "म्याच त्याचा डोया लिपला, आन म्याच त्याले पुसाले लावलं." मग घाटोळताईंना म्हणाले, "आणा त्याले वापस."

शोध सुरू झाला. आता मंजिरीला करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तेच तिला सगळ्यात अवघड गेलं. ती क्रेटवर बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. उन्हं शेडच्या भिंतीवर चढली तेव्हा ढेमसाचे दिवे लुकलुकले.

"मंजिरी," तो म्हणाला, "तू रडलीस का?"

ती त्याच्या गोल डोक्याला अशी बिलगली की घाटोळताईंना झाकणही लावता येईना.

"सगळं नाही आलं," त्यांनी सांगून टाकलं. "मी नवं भरायला लागले होते ना. सुरुवातीची काही पानं त्याखाली गेली. ती आता कुणालाच आणता येणार नाहीत. यापुढे याच्या स्मृतीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवत चला. एक जागा बिघडली तर दुसरी असते."

ढेमसाचे दिवे लुकलुकत राहिले. आतल्या आत शोधत असावा. "माझी पहिली आठवण मंजिरीच्या शाळेच्या पहिल्या दिवसाची आहे. त्याच्या आधी करडा पट्टा आहे. मंजिरी, त्याच्या आधी काय होतं?"

मंजिरीला तरी कुठे आठवत होतं? तेव्हा ती एवढीशी होती. दोघांनी एकदमच बाबांकडे पाहिलं.

बाबा दारात उभे होते. विहिरीवर पंप उघडा पडला होता, वाफ्यात कलमं परत लावायची होती. ते आत आले, एक क्रेट उलटा करून त्यावर बसले, आणि घसा साफ करून म्हणाले, "लिहून घे रे ढेमसा. हे पोट्टी वर्षाची असंल. कोणाचा हात धरून चालाले तयार नव्हती. एक दिवस पाह्यतो तं काय, तुया चाकाले धरून उभी..."